चावीची वही

वही माझ्याकडं असते.
शंभर पानी, वर मोराचं चित्र,
पोरानं सातवीत अर्धी सोडलेली, शाळेसकट.
पुढून भूगोल,
मागून आमची गल्ली.

बोल्ली, वीस.
मडूर, वीस.
शेख मास्तर, वीस आणि मागचे दहा.
गड्डमची म्हातारी, वीस (तिचे मीच घातले).
एक रुपया इकडचा तिकडं नाही.
इतकी चोख वही
महापालिकेत तरी असेल का, देव जाणे.

सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी येतं.
उन्हाळ्यात सहाव्या, कधी काय की आठव्या,
रात्री अडीचला पण येतं
आणि अशोक चौकामागची अख्खी गल्ली
घागरींच्या आवाजानं उठून बसते.

सिद्राम यायचा
लांबडी लोखंडी चावी खांद्यावर टाकून.
झाकण उचलायचा, गुडघ्यावर बसायचा,
मान तिरकी करून फिरवायचा ती
नाडी बघितल्यासारखी.
नियमानं पाऊण तास.
वीस घरांचे चारशे दिले की वर वीस मिनिटं.

लाच कुणीच म्हणत नव्हतं.
चहापाणी.
चहा त्याचा, पाणी आमचं.

ती वीस मिनिटं कुठून यायची
कुणी विचारलं नाही.
वरच्या गल्लीत त्या वेळी
नळ नुसता फुसफुसायचा म्हणे,
रांजणाच्या बुडाला तांब्या घासायचा.
आमच्या मोटारी चालू असायच्या,
ऐकू कसं येणार?

मी हजार विड्या वळून कारखान्यात नेते.
चेकर त्यातली मूठ बाजूला काढतो. छाट.
पान वाकडं, तोंड कच्चं, तंबाखू कमी.
त्या वाकड्या पानाच्या विड्या
संध्याकाळी त्याच्याच टेबलाखाली
सरळ होऊन बंडलात बसतात.
तीस वर्षं झाली,
मी त्याला मनातल्या मनात शिव्या देते,
अस्सल तेलुगूत.
मग घरी येऊन
वही उघडते.

सिद्राम चैत्रात गेला.
भर दुपारी, झाकणापाशीच.
चावी तशीच उभी, सुरू.
त्या दिवशी आमच्याकडं तीन तास पाणी आलं.
पिंप भरलं, घागरी भरल्या,
चादरी धुतल्या, अंगण धुतलं,
बोल्लींच्या सुनेनं तर पायऱ्या घासल्या.
कुणीतरी म्हणालं पण,
आज सिद्रामला काय झालंय, लई उदार झालाय.

महिन्यानं त्याची बायको आली, महादेवी.
दारातच उभी राहिली.
'फाईल हलंना म्हणलालेत, अक्का.'
'किती?' मी विचारलं.
कशाला, हे विचारायचं
माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.
तिनं हात वर केला. पाच बोटं.
त्यातल्या दोन बोटांवर अजून हळद होती,
मघाशी स्वयंपाक सोडून आलेली असणार.

मग मी घरोघर फिरले.
बोल्ली, अडीचशे. मडूर, अडीचशे.
शेख मास्तरांनी तीनशे दिले, सुट्टे परत घेतले नाहीत.
गड्डमच्या म्हातारीनं
आयुष्यात पहिल्यांदा कनवटीची गाठ सोडली,
पन्नासाची घडी माझ्या हातावर ठेवली :
'त्याचं राहिलंय माझ्याकडं. लिही.'

कशासाठी म्हणून लिहू,
पेन तिथं जरा थांबलं.
रकान्यावर आधीच लिहिलेलं होतं, चावी.
तेच राहू दिलं.

फाईल हलली. एका दुपारीत हलली.
महादेवी पेढे घेऊन आली,
आम्ही खाल्ले. गोड होते.

काल नवीन पोरगा आला चावी घेऊन.
कानात वायर, पायात पांढरे बूट.
पंधरा मिनिटांत पाणी बंद.
मी पळत दारात गेले तर
तो झाकण पायानं सरकवत हसत म्हणाला,
'मावशी, हितली वही कुणाकडं असती?'

मी मांडीवरचं विड्यांचं सूप
खाली ठेवलं.